अठरा मीटर उंचीचा माणूस: महाकाय यंत्रमानवांच्या शक्याशक्यतेचा आढावा

योकोहामाच्या यामाशिता धक्क्यावर डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ अशी सव्वातीन वर्षे एक गंडम, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेतला महाकाय यंत्रमानव, उभा होता. उंची १८ मीटर, म्हणजे जवळपास सहा मजली इमारतीएवढी. वजन २५ टन. तो मान वळवायचा, बोटे उघडमीट करायचा, गुडघे वाकवून पाऊल पुढे टाकायचा. विज्ञानकथेतल्या महाकाय यंत्रमानवाच्या इतक्या जवळ पोचलेली दुसरी रचना आजवर झालेली नाही. पण त्याचा भार पायांवर नव्हता. कमरेमागच्या भक्कम सांगाड्याने त्याला पेललेले होते, आणि पाऊल पुढे पडताना तो सांगाडाच सरकत असे.

या एका यंत्रातून दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळाला. इतका मोठा देह इतक्या सफाईने हलू शकतो, हे काहींनी पाहिले. अनेक कंपन्यांचे अभियंते एकत्र येऊनही तो स्वतःच्या पायांवर उभा राहू शकला नाही, हे इतरांनी पाहिले. महाकाय यंत्रमानव कितपत वास्तव आणि कितपत उपयोगी, हा वाद विज्ञानकथेचे वाचक, चित्रपटप्रेमी आणि अभियंते गेली कित्येक दशके घालत आले आहेत. तो आज कुठे येऊन ठेपला आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माझ्या मते वादातला निम्मा गोंधळ तिच्यामुळे आहे. ‘महाकाय यंत्रमानव’ म्हणताना आपण चार वेगळे निर्णय एकदम घेत असतो: यंत्र फार मोठे असावे, ते पायांनी चालावे, त्याचा आकार माणसाचा असावा आणि ते चालवणारा माणूस त्याच्या आत बसलेला असावा. या चारही निर्णयांचे भवितव्य एकसारखे नाही.

पार्श्वभूमी

माणसाहून मोठे चालते यंत्र ही वाफेच्या युगातली कल्पना. ज्यूल व्हर्नच्या १८८० सालच्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत एक पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करतो. कथेला १८५७च्या उठावाची पार्श्वभूमी आहे आणि नानासाहेब पेशवे त्यात खलनायक म्हणून येतात. मराठी वाचकाला ते चित्रण खटकेल. शेवटी हत्तीचा बॉयलर फुटतो. एवढे मोठे यंत्र चालवायला लागणारी ऊर्जा पोटात बाळगणे धोक्याचे असते, ही जाणीव इतक्या आधीपासून आहे. १८९८ साली एच. जी. वेल्सने ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना तीन पायांची उंच युद्धयंत्रे दिली. या दोन्ही यंत्रांचा आकार माणसाचा नव्हता.

माणसाचा आकार ठळकपणे आला तो युद्धोत्तर जपानमध्ये. मित्सुतेरु योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रमालिका १९५६ साली सुरू झाली. महायुद्धातले गुप्त शस्त्र म्हणून बनवलेला हा लोखंडी पुरुष एका मुलाच्या हाती येतो. त्याला स्वतःची बुद्धी नाही. नियंत्रकपेटी ज्याच्या हाती, त्याचा तो. याच लेखकाचा ‘जायंट रोबो’ १९६७ साली जपानी दूरचित्रवाणीवर आला, आणि ऐंशीच्या दशकात तो आपल्याकडे दूरदर्शनवरही दिसला. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोला हुकूम देणारा तो मुलगा आज पन्नाशीला आलेल्या अनेकांना आठवत असेल. या दोन्ही कथांत माणूस यंत्राच्या बाहेर आहे.

त्याला आत बसवले गो नागाई यांनी, १९७२च्या ‘माझिंगर झेड’मध्ये. चालक थेट यंत्राच्या डोक्यात जाऊन बसतो, आणि तिथून हा रोबो नोकर न राहता चालकाचाच वाढलेला देह होतो. मग १९७९ साली योशियुकी तोमिनो यांचे ‘मोबाइल सूट गंडम’ आले आणि वादाला आजचे रूप मिळाले. तोमिनोंच्या जगात रोबो हे सैन्याचे साहित्य आहे. ते कारखान्यात तयार होते, त्याचा दारूगोळा संपतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. या कल्पनेमागे रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ सालच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मधल्या यांत्रिक चिलखताची प्रेरणा होती. हाइनलाइनचे चिलखत मात्र सैनिकाने अंगात घालायचे होते. ते १८ मीटरांपर्यंत वाढले त्यात मालिकेची प्रायोजक असलेल्या खेळणी कंपनीच्या अपेक्षांचाही हात होता. पुढे चाहत्यांनीच माझिंगरसारखे ‘सुपर रोबो’ आणि गंडमसारखे ‘रिअल रोबो’ असे दोन वर्ग पाडले. आपला वाद मुख्यतः दुसऱ्या वर्गाविषयी आहे, कारण वास्तवाचा दावा तोच करतो.

आकारमानाचा नियम

सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम आक्षेप गॅलिलिओचा. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवले की एखादा प्राणी सर्व बाजूंनी सारखाच वाढवला, तर त्याची हाडे त्याला पेलू शकणार नाहीत. वजन घनाच्या प्रमाणात वाढते, हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली ‘योग्य आकार’ या विषयावर लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा सर्वसामान्यांपर्यंत नेला. (हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.) निबंधासाठी त्यांनी लहानपणी पुस्तकात पाहिलेल्या राक्षसांचे उदाहरण घेतले. ते राक्षस साठ फूट उंच, माणसाच्या दहापट. दहापट उंची म्हणजे हजारपट वजन आणि हाडाचा छेद फक्त शंभरपट. माणसाचे मांडीचे हाड साधारण दहापट वजनाखाली मोडते. म्हणजे हे राक्षस प्रत्येक पावलाला मांडी मोडून घेतील.

साठ फूट म्हणजे १८ मीटर. गंडमची उंची तीच, माझिंगरचीही तीच. हाल्डेन यांनी अर्धशतक आधी ज्या आकाराचा हिशेब मांडला, नेमका तोच आकार या कथांनी निवडावा हा योगायोग विलक्षण आहे, आणि त्यामुळे गणित सोपे होते. सत्तर किलोचा माणूस दहापट उंच केला तर ७० टनांचा होईल. कथेत गंडमचे वजन रिकामे असताना ४३.४ टन आणि पूर्ण सज्ज असताना ६० टन दिले आहे. म्हणजे हे धातूचे यंत्र आकाराच्या मानाने माणसाहून हलके आहे. माझिंगर तर २० टनांचाच. २०१३च्या ‘पॅसिफिक रिम’ चित्रपटातला जिप्सी डेंजर सुमारे ७९ मीटर उंच आणि १,९८० टनांचा सांगितला आहे. माणसाच्या प्रमाणात तो सहा हजार टनांच्या आसपास भरायला हवा. दिलेले वजन खरे मानले तर तो समुद्रात उभा न राहता तरंगेल. तरी तो हलका नाही. चित्रपटात मोजकी हेलिकॉप्टरे त्याला उचलून नेतात. प्रत्यक्षातले सर्वांत समर्थ मालवाहू हेलिकॉप्टर, मिल मि-२६, सुमारे २० टन उचलते.

समर्थकांचे उत्तर असे, की हाल्डेन यांचा हिशेब हाडाचा आहे. उच्च प्रतीचे पोलाद, टायटॅनियम आणि कार्बन तंतू यांची ताकद हाडाच्या कित्येक पट आहे. हे उत्तर योग्य आहे. १८ मीटरांचा पुतळा उभा करणे आज कठीण नाही. तोक्योच्या ओदाइबा भागात २००९ सालीच त्या मापाचा गंडम उभा राहिला होता. नुसते उभे राहण्यापुरता गॅलिलिओचा अडसर दूर करता येतो.

खरी अडचण हालचालीची आहे, आणि लोकप्रिय चर्चेत तिच्याकडे कमी लक्ष जाते. उंची दहापट झाली की सांध्यावर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दहा हजारपट होतो, कारण वजन हजारपट आणि तरफेची लांबी दहापट. सांध्यात बसवता येणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरची क्षमता साधारण आकारमानाच्या प्रमाणात, म्हणजे हजारपटच वाढते. निसर्गाचा अनुभवही हेच सांगतो. टायरॅनोसॉरस हा दोन पायांवर चालणाऱ्या सर्वांत जड प्राण्यांपैकी एक, आणि तो आठ-नऊ टनांच्या आसपास थांबला. पन्नास टनांपलीकडे गेलेले डायनोसॉर चार खांबांसारख्या पायांवर चालत, आणि सावकाश चालत.

वेगाचाही प्रश्न आहे. पायाचा झोका लंबकाचे नियम पाळतो. दहापट लांब पाय साधारण तीनपट संथ हलतो, म्हणजे आपले अर्ध्या सेकंदाचे पाऊल गंडमला दीड सेकंदाहून अधिक लागेल. वेग मात्र तीनपट होईल. ताशी पाचऐवजी सोळा किलोमीटर. चित्रपटांतली अवजड, संथ चाल म्हणूनच भौतिकशास्त्राला धरून आहे, आणि ॲनिमेशनमधली तलवारबाजी नाही.

आणि मग पडणे. उभी व्यक्ती ताठ कोसळली तर तिचे डोके ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटते. १८ मीटरांच्या यंत्राचे डोके ताशी ८० किलोमीटरांहून अधिक वेगाने आपटेल. चालक डोक्यात असो वा छातीत, हा धक्का गंभीर अपघाताचा आहे. माणूस चालायला शिकताना शेकडो वेळा पडतो. या यंत्राला एकदाही पडण्याची मुभा नाही. मला विचाराल तर साऱ्या तांत्रिक आक्षेपांत हा सर्वांत वजनदार, कारण सामग्री कितीही सुधारली तरी आतला माणूस तोच राहतो.

ऊर्जेच्या बाबतीत चित्र अनपेक्षितपणे आशादायी आहे. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, दिलेले वजन दिलेल्या अंतरावर नेण्याचा खर्च माणसासाठी ०.२ आणि होंडाच्या आसिमो रोबोसाठी सुमारे ३.२ मांडला होता. माणसाच्या काटकसरीने चालणाऱ्या ६० टनी यंत्राला ताशी १६ किलोमीटरसाठी साधारण ५०० किलोवॉट पुरतील. आजच्या मोठ्या रणगाड्याच्या १,५०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या ते निम्म्याहून कमी आहेत. आसिमोच्या उधळपट्टीने चालले तर आठ मेगावॉट लागतील. म्हणजे गंडमच्या पोटातली अणुसंमीलनाची भट्टी ही अपरिहार्य गरज नाही. उत्तर चालण्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे, आणि ते कौशल्य दरवर्षी सुधारते आहे.

रणांगणाची बाजू

लष्करी दृष्टीने पाहणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे. यंत्र बनवता येईल हे ते वादापुरते मान्य करतात आणि विचारतात, त्याचे करायचे काय?

रणगाड्याच्या रचनेचा इतिहास बुटके होण्याचा आहे. सोव्हिएत टी-७२ची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. स्वीडनने एस-टँकमध्ये तर बुरूजच काढून टाकला. मोकळ्या मैदानात अडीच मीटरची वस्तू पाच-साडेपाच किलोमीटरवर क्षितिजाआड जाते, तर अठरा मीटरांचे डोके पंधरा किलोमीटरवरून दिसते. चिलखताचेही गणित प्रतिकूल आहे. रणगाड्याची जाड पोलादी भिंत मुख्यतः पुढच्या बाजूला एकवटलेली असते. हात, पाय, मान, बोटे असलेल्या देहाचा पृष्ठभाग प्रचंड. तेवढ्याच वजनात सगळीकडे पातळ पत्राच बसेल, आणि प्रत्येक सांधा हा उघडा मर्मबिंदू असेल. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये चार पायांचे अवाढव्य यंत्र पायांत दोर गुंडाळून पाडले जाते, ते या दुबळेपणाचे पडद्यावरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

जमिनीवरचा दाबही पाहावा. चालताना सगळा भार एका तळव्यावर येतो. गंडमचा तळवा माणसाच्या प्रमाणात धरला तर दर चौरस सेंटीमीटरला तीन किलो भार येईल. रणगाड्याचे पट्टे तो एक किलोच्या आसपास ठेवतात. डांबरी रस्ता, पूल, ओले शेत, काहीच या पावलाला अनुकूल नाही.

याला कथाकारांनी दिलेली उत्तरे दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. ‘गंडम’मध्ये मिनोव्स्की कण नावाची कल्पना आहे, ते हवेत पसरले की रडार आणि दूरवरची नेमबाजी निकामी होते आणि लढाई पुन्हा नजरेच्या टप्प्यात येते. १९८४च्या ‘बॅटलटेक’ या खेळात २० ते १०० टनांची यंत्रे आहेत आणि खेळाडूला सतत त्यांच्या उष्णतेचा हिशेब ठेवावा लागतो. हा मुद्दा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, कारण यंत्र मोठे होत जाते तसा दर टनामागे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग कमी होतो. ‘नियॉन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये (१९९५) यंत्रांना वीज केबलमधून मिळते आणि ती तुटली की काही मिनिटांचीच शक्ती उरते. लष्करी टीकाकार म्हणतील की मिनोव्स्की कणांच्या जगातही बुटका रणगाडाच सरस ठरेल. जमिनीपुरते ते बरोबर आहे असे मला वाटते; अंतराळाचे वेगळे, त्याकडे पुढे येतो.

पायांची बाजू

या वादात सर्वांत कमी ऐकू येणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आवाज पाय बनवणाऱ्या अभियंत्यांचा आहे. मार्क रेबर्ट यांनी १९८६च्या पुस्तकात लिहिले, की चाके किंवा पट्टे असलेली वाहने पृथ्वीवरच्या जवळपास निम्म्याच भूभागावर पोचू शकतात, तर पायी चालणारे प्राणी त्याहून कितीतरी अधिक भागात जातात. त्यांच्याच बोस्टन डायनॅमिक्सने पुढे बिगडॉग आणि एलएस-३ ही चतुष्पाद यंत्रे केली. एलएस-३ला अमेरिकी मरीन दलाने २०१५ साली नाकारले ते इंजिनाच्या गोंगाटामुळे. चालणे त्याला चांगले जमत होते.

मोठ्या पायांचे प्रयोग त्याआधीचे आहेत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये राल्फ मोशर यांनी साठच्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी चार पायांचा ‘चालता ट्रक’ केला. आत बसलेल्या माणसाचे दोन हात आणि दोन पाय यंत्राचे चार पाय चालवत. ते चालले, अडथळ्यांवर चढले, पण चालक काही मिनिटांतच थकून जाई. त्याच कंपनीचे ‘हार्डिमन’ हे अंगात घालायचे यंत्र ६८० किलो उचलण्यासाठी होते; संपूर्ण यंत्र एकदम सुरू केले की ते हिसके देऊ लागे, म्हणून शेवटी एका हातापुरतेच काम झाले. या दोन प्रकल्पांनी दाखवून दिले की चालकाच्या प्रत्येक हालचालीची नक्कल यंत्राने करावी हा कथेतला लाडका मार्ग माणसावर असह्य ताण टाकतो. तोल सांभाळण्याचे काम संगणकाने करावे आणि माणसाने फक्त दिशा द्यावी, हे नंतरच्या सर्वांनी स्वीकारले.

चालणारी सर्वांत प्रचंड यंत्रे मात्र खाणींत आहेत आणि वादात त्यांचे नावही येत नाही. १९१३ साली ऑस्कर मार्टिन्सन यांनी ड्रॅगलाइन नावाच्या उत्खनन यंत्राला चालवण्याची युक्ती काढली. यंत्र गोल बैठकीवर टेकलेले असते. बाजूचे दोन रुंद बूट खाली येतात, त्याला किंचित उचलून पुढे सरकवतात आणि पुन्हा टेकवतात. ओहायोतली ‘बिग मस्की’ ही १९६९ सालची ड्रॅगलाइन १२ हजार टनांची होती आणि अशीच पावले टाकत चालायची. आपल्याकडे सिंगरौलीच्या कोळसा खाणींतही चालत्या ड्रॅगलाइन आहेत. एवढे वजन रुंद बैठकीवर पसरून जमिनीवरचा दाब कमी ठेवता यावा म्हणूनच इथे पावले आली. ‘इतके जड यंत्र चालूच शकत नाही’ हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. ते चालू शकते, फक्त एका पायावर तोलून नाही, आणि तासाला शे-दोनशे मीटरच.

प्रत्यक्षात काय झाले

गेल्या बारा-तेरा वर्षांत चालक आत बसेल अशी माणसाच्या आकाराची यंत्रे प्रत्यक्ष बनली आहेत. जपानच्या सुइदोबाशी हेवी इंडस्ट्रीची कुराटास (२०१२) चार मीटरच्या आसपास उंच आणि साडेचार टनांची, पायांना चाके. कोरियातील हानकूक मिराए टेक्नॉलॉजीची मेथड-२ चार मीटरची, दीड टनाची. जपानच्याच त्सुबामे इंडस्ट्रीजची आर्कॅक्स (२०२३) साडेचार मीटर, साडेतीन टन. चार चाकांवर बसून ताशी दहा किलोमीटर धावते आणि उभी राहिली की दोन.

ही यंत्रे वेगवेगळ्या लोकांनी केली, तरी सगळी चार-साडेचार मीटरवर थांबली आणि त्यांतली बहुतेक चाकांवर गेली. माणूस धडात मावेल एवढी मोठी आणि पडली तर सांभाळता येईल एवढी लहान, अशी ही उंची आहे. र्योसुके ताकाहाशी यांच्या १९८३च्या ‘व्होटोम्स’ मालिकेतले स्कोपडॉग हे यंत्र साधारण चार मीटरचे होते आणि त्याच्या तळव्यांना चाके होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका कथेने अभियंत्यांचा निष्कर्ष आधीच गाठला, याबद्दल ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही. ‘पॅटलेबर’ (१९८८) हीदेखील अशीच दूरदृष्टीची मालिका. तिथली यंत्रे मुळात बांधकामासाठी बनलेली, पोलिसांची यंत्रे आठ मीटरची. ती घटनास्थळी ट्रेलरवरून नेली जातात, आणि कथेचा मोठा भाग दुरुस्ती पथकाचा आणि खर्चाचा आहे.

माणसाच्या आकाराची खरी परीक्षा फुकुशिमाच्या २०११च्या दुर्घटनेनंतर झाली. माणसांसाठी बांधलेल्या जिन्यांत, दारांत आणि झडपांपाशी यंत्र पाठवायचे तर त्याचा आकार माणसाचा असावा, या विचारातून अमेरिकेच्या डार्पा संस्थेने स्पर्धा घेतली. जून २०१५च्या अंतिम फेरीत अनेक रोबो कोसळले. जिंकला तो कोरियाच्या काइस्ट संस्थेचा हुबो. सपाट जमीन आली की तो गुडघ्यांवर बसे आणि गुडघ्यांतल्या चाकांवर पुढे जाई. हे सारे माणसाएवढ्याच यंत्रांचे. महाकाय यंत्राला हा युक्तिवाद लागू होत नाही, कारण त्याच्यासाठी जिने आणि दारे कुठेच बांधलेली नाहीत.

हातांची गोष्ट वेगळी निघाली. जुलै २०२४पासून पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीने, जेआर वेस्टने, ओव्हरहेड वायरच्या देखभालीसाठी एक यंत्र कामाला लावले. क्रेनच्या टोकाला माणसासारखे डोके आणि दोन हात. बारा मीटर उंचीवर ते ४० किलोपर्यंतची वस्तू धरू शकते. चालक खाली केबिनमध्ये डोळ्यांसमोर दृश्यपडदा लावून बसतो. त्याची मान वळेल तशी यंत्राची मान वळते आणि हातांना वजन जाणवते. उंचावरून पडणे आणि विजेचा धक्का हे दोन्ही धोके त्यामुळे टळतात आणि माणसांची टंचाईही थोडी भरून निघते. मुंबईत रात्रीच्या ब्लॉकमध्ये ओव्हरहेड वायरवर चढणारे कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या यंत्राचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जिन्की इत्ताई या जपानी कंपनीने ते घडवण्यात मुख्य भाग घेतला, आणि तिची प्रेरणा उघडपणे रोबोकथांची आहे.

अंतराळ

भाराचा आक्षेप गळून पडतो ती जागा म्हणजे अंतराळ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा कॅनडार्म-२ हा हात १७.६ मीटर लांब आहे, जवळजवळ गंडमच्या उंचीएवढा, आणि शंभर टनांहून अधिक वस्तुमान हलवू शकतो. फक्त तो फार सावकाश हलतो, कारण वजन नसले तरी जडत्व असतेच.

‘गंडम’च्या निर्मात्यांनी अंतराळात हातपाय कशाला, याचेही उत्तर दिले होते: हातपाय झटकून इंधन न जाळता शरीराची दिशा बदलता येते. हे तत्त्व खरे आहे. हवेत उलटी पडणारी मांजर याच पद्धतीने पायांवर उतरते. टीकाकारांचा मुद्दा असा, की तेच काम अवकाश स्थानकावरची फिरती जायरो-चक्रे अधिक नेटके करतात. इस्रोच्या ‘व्योममित्र’ या मानवसदृश यंत्राला पायच दिलेले नाहीत, हेही या संदर्भात बोलके आहे.

कथेची बाजू

साहित्याच्या अंगाने पाहणाऱ्यांचे म्हणणे असे, की हा सगळा हिशेब चुकीच्या ठिकाणी लावला जातो. कथेतले यंत्र बाहेरच्या जगात चालेल का, हा प्रश्न गौण. कथेने स्वतः घालून दिलेले नियम ती पाळते का, हा मुख्य. या कसोटीवर मिनोव्स्की कण हा खोटेपणा ठरत नाही. एक अशक्य गोष्ट गृहीत धरून बाकी सारे तर्काने चालवण्याचा तो करार ठरतो. महाकाय देह हे भावनेचे साधन आहे, किशोरवयीन मुलाला अचानक मिळालेल्या मोठ्या शरीराचे आणि मोठ्या जबाबदारीचे रूप आहे, असेही ते मांडतात. ‘इव्हँजेलियन’मध्ये यंत्रांची उंची प्रसंगागणिक बदलते आणि ती नाट्याच्या गरजेने बदलते.

याच्या उलट टोकाला रिकाओ यानागिता यांच्यासारखे लेखक आहेत. त्यांच्या १९९६च्या ‘कुसो कागाकु दोकुहोन’ने पडद्यावरच्या कल्पनांना शालेय भौतिकशास्त्राची मापे लावली आणि जपानी वाचकांना ते फार आवडले. हिशेबाने कल्पनेची मजा मरते, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. पावलाला दीड सेकंद का लागतो हे कळल्यावर ते पाऊल अधिकच भव्य वाटते.

अजून न सुटलेले

दोन प्रश्नांवर आज एकमत नाही. पहिला, माणूस आत असावा की बाहेर. पृथ्वीवर उत्तर बाहेरच्या बाजूने झुकले आहे. ड्रोनपासून जेआर वेस्टच्या यंत्रापर्यंत सगळे तिकडेच बोट दाखवतात. योकोयामांचा मुलगा नियंत्रकपेटी हातात धरून उभा होता, तो या अर्थाने नागाईंच्या मुलापेक्षा काळाच्या पुढे होता. पण दूरनियंत्रणाला संदेशाचा विलंब बाधतो. चंद्रावर संदेश जाऊन यायला अडीच सेकंदांहून थोडे अधिक लागतात, मंगळावर कित्येक मिनिटे. पाय घसरत असताना तेवढी उसंत नसते. तिथला तोल पूर्णपणे यंत्राच्या संगणकावर सोपवता येईल का, की चालक जवळ लागेल, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि तोही चंद्रावर जाऊन बदलतो. स्वतःच्या भाराचा ताण उंची आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकारावर ठरतो. चंद्राचे गुरुत्व आपल्या एक-षष्ठांश; म्हणून तिथे १८ मीटरांच्या यंत्राच्या पायांवरचा ताण पृथ्वीवरच्या तीन मीटरच्या यंत्राएवढाच राहील. कोसळताना त्याचे डोके ताशी ३४ किलोमीटर वेगाने आपटेल, म्हणजे माणसाच्या साध्या पडण्याहून थोडेच अधिक. चार मीटरची यंत्रे आपण आज बनवतो. हाल्डेन यांचा राक्षस तिथे मांडी मोडून घेणार नाही. त्याचे एक पाऊल मात्र चार सेकंदांचे होईल, सांध्यांत टोकदार चांद्रधूळ जाईल, आणि निर्वात पोकळीत उष्णता बाहेर टाकायला हवा नसेल. तळ उभारताना जड भाग उचलायला असे उभे यंत्र सोयीचे, की चार पायांवरची बुटकी क्रेन, याची तुलना प्रत्यक्ष कामात अजून कुणी केलेली नाही.